क्वारलचा विमा



औंधहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र तसे चार ओळींचेच, पण प्रश्न असा आहे की या आठवड्याची सगळी जागा त्यालाच देतो. त्या लिहितात : "माझा मुलगा नववीत आहे. सुट्टीत त्याने घरी 'टायगर ३' पाहिला आणि रात्री ताटावर बसला तो फुरंगटूनच. म्हणाला, आई, पहिल्या सिनेमातला गोपी एवढ्या वर्षांनी परत आणला आणि आणल्या आणल्या मारून टाकला. मारायचाच होता तर आणला कशाला? मला उत्तर सुचले नाही. तुम्ही द्या."

ताई, मुलाचा राग रास्त आहे. ज्यांनी हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'एक था टायगर' १५ ऑगस्ट २०१२ रोजी लागला. त्यात सलमान खानच्या टायगरबरोबर गोपी नावाचा एक साथीदार आहे. ते काम रणवीर शौरी यांनी केले. टायगर भिंती चढतो, ट्राम अडवितो; गोपी मात्र तुमच्या-आमच्यासारखा नोकरदार वाटतो, म्हणून तो लक्षात राहिला. २०१७ च्या 'टायगर जिंदा है' मध्ये गोपी नाही. आणि मग १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 'टायगर ३' आला. त्यात टायगर संकटात सापडलेल्या गोपीला सोडवायला जातो. गोपी एक महत्त्वाची बातमी टायगरच्या कानावर घालतो आणि प्राण सोडतो. बातमी पोचविण्यापुरतेच त्याला आणले होते, हे नववीतल्या पोराने बरोबर ओळखले!

याच कंपनीच्या इतर हेरपटांकडे पाहा. 'पठाण' (२०२३) मध्ये डिंपल कपाडिया यांची नंदिनी ही अधिकारी जीव गमावते. आशुतोष राणा यांचे कर्नल लुथरा 'वॉर' (२०१९) मध्ये होते, 'पठाण'मध्ये होते आणि २०२५ च्या 'वॉर २' मध्ये त्यांनाही गोळी घातली. म्हणजे साहेब लोकसुद्धा सुटलेले नाहीत. नायक तेवढे सगळे हयात आहेत. पुढच्या चित्रपटात कोणी जुना माणूस दारातून आत आला की टाळ्या वाजवायच्या का रडायला घ्यायचे, हेच प्रेक्षकाला कळेनासे झाले आहे.

एकाच ठिकाणी या मंडळींनी शोभेल असे केले. पहिल्या दोन 'टायगर'मध्ये खात्याचे प्रमुख डॉ. शेणॉय हे काम गिरीश कार्नाड यांनी केले होते. कार्नाड कन्नडचे मोठे नाटककार, पण जन्म आपल्या माथेरानचा, १९३८ चा. १० जून २०१९ रोजी ते गेले. 'टायगर ३' मध्ये दुसऱ्याच कुणाच्या तोंडाला रंग लावून शेणॉय उभा केला नाही. मैथिली मेनन नावाच्या नव्या प्रमुख आणल्या, ते काम रेवती यांनी केले. खुर्ची भरली, माणूस तसाच राहू दिला.

मदतनीस मरणार, ही रीत मात्र आपल्याकडची नाही. ती बाहेरून आली. ज्यांनी यात्रेच्या मैदानातल्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमे पाहिले आहेत त्यांना ती तेव्हाच पाठ झाली होती. (देवीच्या यात्रेशी आपल्याला कर्तव्य नव्हते, तंबूशी होते!) नायकाचा दोस्त आईचा फोटो काढून दाखवू लागला की मागून कुणीतरी ओरडायचेच, "गेला हा!" आणि तो जायचाच.

या रिवाजाचे मूळ पाहायचे तर जेम्स बाँडकडे जावे लागते. बाँडचा पहिला चित्रपट 'डॉ. नो', १९६२ चा. जमैका बेटावर घडतो. बाँड तिथे परका. कोणत्या बाजूला खडक, कोणत्या बेटावर पहारा, हे त्याला ठाऊक नाही. ते सारे ठाऊक आहे क्वारलला. क्वारल हा केमन बेटांचा काळा नावाडी. होडी त्याची, समुद्र त्याच्या अंगवळणी पडलेला. क्रॅब की नावाच्या धोक्याच्या बेटावर तो बाँडला घेऊन जातो. तिथे आग ओकणारा ड्रॅगन आहे अशी त्याची समजूत. भीती वाटते, तरी जातो. तो ड्रॅगन म्हणजे ज्वाला फेकणारी एक गाडी निघते आणि तिच्याच आगीत क्वारल जळून मरतो. पुढे बाँड जिंकतो, होडीत नायिकेला घेऊन बसतो आणि चित्रपट संपतो.

त्याच चित्रपटात, त्याच बेटावर, एक क्षण असा आहे की बाँड क्वारलला आपले बूट आणायला सांगतो. विनंती नाही, हुकूमच. क्वारल आणतो. पडद्यावर तो क्षण येतो आणि जातो. परदेशातल्या अनेक समीक्षकांनी पुढे त्यावर बोट ठेवले. आपल्या घरांत तो प्रसंग कसा दिसेल हे मी सांगायला नको. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या वहाणा उचलल्या, त्यांना तो आवाज ओळखीचा आहे.

आणि हे बूट उचलणारा नट कोण होता? जॉन किट्झमिलर. अमेरिकन काळा माणूस, दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर इटलीत गेला आणि तिथेच राहून चित्रपटांत कामे करू लागला. १९५७ साली फ्रान्समधील कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक त्याला मिळाले; ते मिळविणारा तो पहिला काळा नट. एवढा मान मिळविलेल्या माणसाला पाच वर्षांनी हे काम! आणि १९६५ मध्ये तो रोममध्ये वारलासुद्धा.

आता गंमत पाहा. बाँडच्या कादंबऱ्या इयान फ्लेमिंगने लिहिल्या. 'लिव्ह अँड लेट डाय' ही कादंबरी १९५४ ची, 'डॉ. नो' १९५८ ची. क्वारल दोन्हींत आहे. पहिल्या कादंबरीत तर तो बाँडचा गुरूच आहे. समुद्रात लांब पोहायचे, श्वास कसा राखायचा, हे तो बाँडला शिकवितो. लेखक या दोघांच्या नात्याला स्कॉटलंडचा जहागीरदार आणि त्याचा शिकारी नोकर यांची उपमा देतो आणि वर सांगतो की यात लाचारी मुळीच नाही. जहागीरदार नेहमी असेच सांगतो. नोकराला कुणी विचारलेले नसते.

पण त्याच फ्लेमिंगने 'डॉ. नो' कादंबरीत एक प्रसंग घातला आहे, त्याबद्दल मी त्याला निम्मे माफ करतो. त्या बेटावर निघण्याआधी क्वारल बाँडला म्हणतो, गावाकडे माझी माणसे आहेत, तर माझा आयुष्याचा विमा उतरवाल काय? बाँड लगेच कबूल होतो आणि पाच हजार पौंडांचा विमा उतरवायचे ठरते. वाचक हो, या दोन-चार वाक्यांत क्वारल एकदम माणूस होतो. त्याला घर आहे. आपण परत येऊ न येऊ याचा हिशेब त्याने केला आहे. सायबाच्या शाबासकीवर चूल पेटत नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. ज्याने कधी रात्रपाळीला जाताना विम्याची पावती ट्रंकेत तळाशी आहे असे बायकोला सांगून ठेवले आहे, त्याला क्वारल कळेल. चित्रपट करणाऱ्यांना तो कळला नाही. त्यांनी बूट ठेवले आणि विमा गाळला.

पुढे आणखी घोटाळा झाला. चित्रपट कादंबऱ्यांच्या उलट्या क्रमाने निघाले. 'लिव्ह अँड लेट डाय'वर चित्रपट १९७३ साली आला, रॉजर मूरचा. कथेत क्वारल हवा, पण तो तर अकरा वर्षांपूर्वीच जाळून टाकलेला! मग काय करावे? त्यांनी त्याचा मुलगा आणला, क्वारल ज्युनिअर. ते काम रॉय स्टुअर्ट याने केले. बापाच्या जागी मुलगा, तीच होडी, तेच काम. आपल्याकडे याला अनुकंपा तत्त्व म्हणतात. लाड-पागे समितीच्या शिफारशीवरून सफाई कामगारांच्या वारसांना झाडू मिळाला, तसे याला वल्हे मिळाले. पोटाला आधार झाला हे खरे, पण बापाचेच काम मुलाच्या हाती का, हा प्रश्न तिथेही कुणी विचारला नाही. एक मात्र बरे झाले : हा मुलगा चित्रपट संपेपर्यंत जिवंत राहिला. त्यानंतर त्याला कुणी बोलावले नाही.

आपल्या देशाच्या वाट्याला काय आले तेही पाहू. १९८३ चा 'ऑक्टोपसी' उदयपूरला चित्रित झाला. टेनिसपटू विजय अमृतराज त्यात बाँडचा मदतनीस विजय झाले होते. हसरा, चपळ, रिक्षा पळविणारा. त्यालाही मारला. त्याच चित्रपटात बाँड जुगारात जिंकलेल्या नोटा एका हिंदुस्तानी मदतनीसाच्या हातावर ठेवतो आणि काही आठवड्यांच्या कालवणाची सोय झाली, अशा अर्थाची थट्टा करतो. विम्यावरून गाडी कालवणावर आली.

मग कोणते जुने लोक परत येत राहिले? कचेरीतले. चिटणीस मनीपेनीचे काम लुईस मॅक्सवेल यांनी १९६२ ते १९८५ पर्यंत १४ चित्रपटांत केले. हत्यारे बनविणारा क्यू डेस्मंड लेवेलिन यांनी १९६३ ते १९९९ पर्यंत १७ चित्रपटांत रंगविला. पोलादी दातांचा जॉज हा तर खलनायकाचा गडी. १९७७ मध्ये लोकांना आवडला म्हणून १९७९ मध्ये परत आणला आणि शेवटी चांगला माणूसही करून टाकला. म्हणजे लोकांनी मागितले तर माणूस परत येतो, हे सिद्ध आहे. अमेरिकन मित्र फेलिक्स लायटर पुष्कळदा परतला. २००६ पासून ते काम जेफ्री राइट या काळ्या नटाने केले आणि फार चांगले केले. २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये तोही मेला. त्या चित्रपटात खुद्द बाँडही मेला, तेव्हा तिथे तक्रार करता येत नाही.

आता २०२५ च्या फेब्रुवारीत बाँडपटांची सूत्रे अॅमेझॉनकडे गेली, जूनमध्ये देनी विलनव हे दिग्दर्शक ठरले. सगळे नव्याने सुरू होणार. म्हणूनच ताईंच्या मुलाचा प्रश्न शिळा नाही. माझे मत विचाराल तर क्वारल परत यावा. काही लोक म्हणतात, नव्या काळात जुनी माणसे नकोत, आणि क्वारलसारखी तर नकोतच, ती अपमानाची आठवण आहे. मला हे पटत नाही. अपमान केला चित्रपटवाल्यांनी आणि नाव पुसायचे नावाड्याचे, हा कुठला न्याय? त्याला आणा, होडी त्याच्याच मालकीची ठेवा, पोहायला शिकविणारा गुरू म्हणून आणा, आणि विम्याचा प्रसंग घाला. तो शेवटी मेला तरी चालेल. मात्र त्या केमन बेटावरच्या घरी कुणीतरी जाऊन दार वाजविले पाहिजे. गोपीच्या बाबतीत माझी तक्रार हीच आहे. तो मेला याचे दुःख आहे, पण त्याच्या घरी काय झाले हे आपल्याला किती दाखविले?

ताई, तुम्ही औंधच्या, म्हणून एक आठवण देतो. जुन्या औंध संस्थानात कुंडलही होते. बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले त्यात कुंडलचे जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ ही मंडळी पुढे होती. भूमिगतांचे निरोप पोचविणे, पोलिसांवर नजर ठेवणे, वेषांतर, सगळी हेरगिरीच. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांनी १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर भांडणाचे नाटक केले. नवऱ्याची भूमिका करणाऱ्या साथीदाराने त्यांना रस्त्यावर खरोखरीच मारले, डोक्यात घालायला दगड उचलला. पोलीस सोडवायला धावले आणि इकडे दुसऱ्या साथीदारांनी ठाण्यातली हत्यारे लांबविली. नंतर हौसाबाईंची तक्रार एवढीच होती की त्याने जरा जास्तच मारले! मार खऱ्या नायिकेने खाल्ला होता; तरी बाहेरच्या जगाला ती कितीतरी वर्षे माहीत नव्हती. पत्रकार पी. साईनाथ यांनी या मंडळींना शोधून त्यांच्याविषयी लिहिले. १९४३ च्या ७ जूनला जिथे पगाराची गाडी लुटली त्या शेणोलीला २०१७ च्या जूनमध्ये वाचलेल्यांचा सत्कार झाला. हौसाबाईंनी तेव्हा नव्वदी ओलांडली होती. २०२१ च्या सप्टेंबरात त्या गेल्या, २०२२ च्या फेब्रुवारीत कॅप्टन भाऊ गेले. त्यांना भाकरी नेऊन देणाऱ्या, गवताच्या गंजीत लपविणाऱ्या बायाबापड्यांपैकी कितीजणांना कुणी बोलावू शकले?

मुलाला पुढच्या सुट्टीत 'डॉ. नो' जरूर दाखवा. बुटांच्या प्रसंगाशी थांबवा आणि त्यालाच विचारा, तू लिहिणारा असतास तर इथे क्वारलच्या तोंडी काय घातले असतेस? तो जे सांगेल ते मला पोस्टाने कळवा. इतर घरांतल्या मुलामुलींनीही लिहावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये.