कागदाला भोक पाडायला मॅग्नम कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदाराचा फोन आला. मुलगा कॅनडात असतो, तिथल्या क्लबात लांब पल्ल्याची चांदमारी शिकतोय. "पहिली रायफल .३३८ लापुआचीच घेऊ दे ना?" मी नको म्हटलं. गडी चिडला. आता लेखी देतो, म्हणजे बाकीचेही चिडतील.

लापुआ मॅग्नम वाईट काडतूस नाही. ते जन्मलंच सैनिकी कामासाठी, लांब जाऊनही गोळीत ताकद शिल्लक राहावी म्हणून. कागदाला त्या ताकदीचं काय? भोक पडलं की झालं. पाल्मा स्पर्धेत ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर लोक .३०८ नेच मारतात, १५५ ग्रेनच्या गोळीने, तेही दुर्बीण न लावता.

.३०८ म्हणजे आपल्या एसएलआरच्या ७.६२ चा नागरी भाऊ. त्याची मर्यादा मी लपवत नाही. हजार यार्डांच्या आसपास गोळी आवाजाच्या वेगापर्यंत उतरते आणि डगमगू लागते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला तिथे सव्वादोन मीटर तरी ढकलतो. २००७ साली आलेलं ६.५ क्रीडमूर त्याच वाऱ्यात पावणेदोन मीटरच्या आसपास सरकतं, धक्काही कमी देतं. मात्र त्याची नळी अडीच-तीन हजार फैरींत थकते. .३०८ ची साधारण पाच हजार काढते.

म्हणजे फायदा अर्ध्या मीटरचा. बिकानेरकडे महाजनच्या रेंजवर दुपारी मिराज उसळायचा, टार्गेट पाण्यात बुडवल्यासारखं हलायचं. बटवरचा झेंडा एकीकडे, मधली धूळ दुसरीकडे. तिथे वारा वाचता आला नाही, तर चूक दोन-दोन मीटरची व्हायची. ती कुठलं काडतूस भरून काढणार?

वारा वाचणं फैरी झाडूनच येतं, आणि मॅग्नमच्या फैरी खिसाही झोडपतात, खांदाही. आमच्याकडे एक पोरगा होता. ३०० मीटरवर त्याचा ग्रुप मुठीखाली झाकायचा. वरच्या कुणाच्या तरी हौसेपायी त्याच्या हातात मॅग्नम दिली. पंधरा दिवसांत गडी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागला. मी त्याच्या नकळत मध्येच एक ड्रिल राऊंड भरला. गोळी सुटलीच नाही, तरी खांद्याने हिसका दिला. पुढे जुनी रायफल परत दिली, पण तो ग्रुप काही परत आला नाही. मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. समोरचा हुद्दा बघून गप्प बसलो.

म्हणून सुभेदारसाहेब, या वेळी बोलतोय. पोराला .३०८ घेऊ द्या. जवळ एक वही ठेवू दे, प्रत्येक फैरीचा वारा लिहून. ती नळी झिजली की क्रीडमूरचं बघू. दीड किलोमीटरवर मारायची वेळ आली, तर लापुआसाठी मीच फोन करीन.