हाडे वेचायला दोघे हवेत

जपानविषयी आपल्याकडे हल्ली जे लिहिले जाते त्यात एक सूर हमखास असतो. देश म्हातारा झाला, गावे ओस पडली, माणसे एकटी मरू लागली, हजारो वर्षांची संस्कृती डोळ्यांदेखत संपत चालली, असा तो सूर. आकडे या सुराला साथच देतात. २०२४ साली जपानमध्ये ६ लाख ८६ हजार मुले जन्मली आणि १६ लाखांहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी घरात एकट्याने प्राण सोडलेल्यांची मोजदाद तिथल्या पोलिसांनी केली, ती ७६ हजारांवर गेली. त्यांतले तीनचतुर्थांश पासष्टी ओलांडलेले होते. अशा मरणाला ‘कोदोकुशी’ असा स्वतंत्र शब्दच जपानी भाषेत रूढ झाला आहे.

हे आकडे वाचून मीही अस्वस्थ होतो. पण ‘प्राचीन परंपरा मोडली म्हणून हे झाले’ हे निदान मला पटत नाही. जन्म, वार्धक्य आणि मृत्यू यांच्याभोवतीचे जपानी विधी थोडे खोलात जाऊन पाहिले, तर त्यांतले बरेचसे सरकारी गरजेपोटी रुजलेले दिसतात. आणि त्यांची माया सगळ्यांच्या वाट्याला कधीच आलेली नव्हती, हेही दिसते.

जन्मापासून सुरुवात करू. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, पंचांगातला कुत्र्याचा दिवस बघून, बाईच्या पोटाला पट्टा बांधतात. कुत्री सहज विते, तशी हिचीही सुटका व्हावी, हा त्यामागचा भाव. सातव्या रात्री बारसे. महिनाभराने मूल देवळात न्यायचे, आणि तेव्हा ते आईच्या कडेवर नसते, बापाच्या आईच्या हातात असते. आज याचे कौतुक ‘आजीचा मान’ म्हणून होते. मूळ कारण विटाळाचे. बाळंतिणीची सोयर फिटलेली नसे, तिने देवासमोर जायचे नाही. इसवी सन ७१२ च्या ‘कोजिकी’ या ग्रंथात समुद्रदेवाच्या कन्येने बाळंतपणासाठी किनाऱ्यावर पाणकावळ्याच्या पिसांनी शाकारलेली खोपटी उभारल्याची कथा आहे. गावाबाहेरच्या अशा बाळंतखोपट्या काही किनारी खेड्यांतून थेट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होत्या. शंभराव्या दिवशी उष्टावण होते. त्या ताटात एक खडा ठेवतात, दात खड्यासारखे घट्ट व्हावेत म्हणून. मग तीन, पाच आणि सात या वर्षी, १५ नोव्हेंबरच्या सुमारास, नटूनथटून देवदर्शन.

हे सगळे टप्पे कशासाठी? ‘सात वर्षांपर्यंत मूल देवाचे’ अशा अर्थाची एक म्हण जपानीत आहे. (ती समजतात तितकी जुनी नसावी, असे अलीकडच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे; पण तिच्यातला भाव लोकांना आपलासा वाटतो खरा.) मूल जन्मले म्हणजे माणूस झाले असे नाही, त्याला टप्प्याटप्प्याने माणसांत ओढून घ्यायचे. कल्पना हृद्य आहे. तिची दुसरी बाजू मात्र अंगावर काटा आणते. जे अजून पुरते माणसांत आले नाही, ते परत पाठवताही येते! एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, जपानच्या अनेक भागांत नवजात मुलांना मारण्याची चाल होती. तिला शब्द होता ‘माबिकी’. शेतकरी दाट उगवलेली रोपे उपटून विरळणी करतो, तेच हे. सात वर्षांच्या आत गेलेल्या मुलाचे अंत्यविधीही बहुधा जुजबीच उरकले जात. पुढे १९४८ च्या कायद्याने गर्भपाताला मुभा दिली आणि १९७० नंतर न जन्मलेल्या मुलांसाठी ‘मिझुको कुयो’ या विधीची लाट आली. टोकियोच्या झोजो-जी मंदिरात लाल टोपी आणि लाळेरे घातलेल्या जिझोच्या छोट्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत. जिझो म्हणजे आपल्या बौद्ध परंपरेतला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. परदेशी पाहुण्याला ते प्राचीन लोकाचाराचे दर्शन वाटते. पाऊण शतक मागे गेले असते, तर हा विधी या रूपात त्याला क्वचितच आढळला असता.

वार्धक्याचेही असेच. साठाव्या वर्षी ‘कानरेकी’. चिनी पंचांगाचे साठ वर्षांचे चक्र पुरे झाले, माणूस पुन्हा जन्मला. म्हणून त्याला तान्ह्या मुलासारखा लाल अंगरखा घालायचा. आपल्या साठीशांतीमागेही प्रभवापासूनची साठ संवत्सरेच आहेत, तेव्हा हे आपल्याला समजावून सांगायला नको. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाचे नाव तांदळावरून आहे, कारण तांदूळ या अक्षराची फोड केली की ‘८८’ निघतात. नव्व्याण्णवाव्याचे नाव ‘पांढरे’, कारण शंभर या अक्षरातली एक रेघ काढली की पांढरे हे अक्षर उरते. हिशेब आणि गंमत एकत्र.

मात्र याच देशाने म्हाताऱ्यांना डोंगरावर नेऊन सोडण्याची ‘उबासुते’ची कथाही जपली. फुकाझावा शिचिरोने १९५६ मध्ये तिच्यावर कादंबरिका लिहिली आणि इमामुराच्या चित्रपटाला १९८३ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ही चाल सर्रास होती याला पुरावा नाही. पण जी कथा शतकानुशतके सांगितली जाते ती काही भीती मनात धरूनच सांगितली जाते.

आधुनिक राज्याने वार्धक्याचा विधी आपल्याकडे घेतला. ह्योगो प्रांतातल्या एका खेड्याने १९४७ मध्ये वृद्धांचा दिवस साजरा केला, १९६६ मध्ये ती राष्ट्रीय सुट्टी झाली. १९६३ पासून शंभरी गाठणाऱ्याला सरकार चांदीचा साके-प्याला देऊ लागले. त्या वर्षी शतायुषी होते १५३. २०२४ मध्ये ते ९५ हजारांवर गेले. प्याले परवडेनात, म्हणून २०१६ पासून चांदीऐवजी चांदीचा मुलामा आला! शतायुषींची नोंद ठेवणाऱ्या या राज्याची २०१० साली भलतीच फजिती झाली. टोकियोत १११ वर्षांचा म्हणून नोंदलेला एक गृहस्थ सुमारे तीस वर्षांपूर्वीच घरातल्या घरात मरून वाळून गेलेला आढळला. निवृत्तिवेतन चालूच होते. मग देशभर कुटुंबनोंदी तपासल्या, तेव्हा शंभरी ओलांडलेल्या २ लाख ३४ हजारांहून अधिक नावांचा ठावठिकाणाच लागेना. बहुतेक कधीच मेलेले. मेल्याचे कळवायला मागे कोणी नव्हते, एवढेच.

‘मागे कोणी नसणे’ ही या समाजातली खरी भीती, आणि ती जपानी अंत्यविधीत जेवढी स्पष्ट दिसते तेवढी अन्यत्र नाही. मरणाऱ्याच्या ओठांना पाणी लावायचे ते जवळच्याने. बुद्धाने कुशीनगरला उत्तरेकडे डोके करून देह ठेवला, म्हणून प्रेताचे डोके उत्तरेला. किमोनोची घडी उलट्या बाजूने. वाटेतल्या नदीसाठी, म्हणजे आपल्या वैतरणीच्या बहिणीसाठी, सहा नाणी; आता ती कागदावर छापलेली असतात. आणि दहनानंतर ‘कोत्सुआगे’. आपण अस्थी सावडतो हाताने. तिथे आप्त काट्यांनी हाडे उचलून कलशात ठेवतात. पायापासून सुरुवात, शेवटी मस्तक, म्हणजे माणूस कलशात उभा राहतो. मानेचा एक मणका आसनस्थ बुद्धासारखा दिसतो, तो जपून वरच्या बाजूला ठेवायचा. एक हाड दोघांनी मिळून उचलायचे असते. म्हणूनच जेवताना एकाच्या काट्यांतून दुसऱ्याच्या काट्यांत घास देणे जपानी घरात अशुभ मानतात. या विधीला किमान दोघे लागतात. एकट्याने तो करताच येत नाही.

आता यातले सनातन किती, ते पाहा. दहनाची पहिली लेखी नोंद आहे दोशो या भिक्षूची, इसवी सन ७०० ची. पण विसाव्या शतकाच्या आरंभीही बहुसंख्य जपानी माणसे पुरली जात होती. १८७३ मध्ये मेइजी सरकारने दहन ‘बौद्धांची चाल’ म्हणून बंद केले आणि शहरांत पुरायला जागा पुरेना तेव्हा १८७५ मध्ये निमूटपणे बंदी उठवली. आजचे जवळपास शंभर टक्के दहन ही महापालिकांच्या दहनगृहांची किमया आहे. सम्राटांना तर साडेतीनशे वर्षे पुरत आले. २०१३ मध्ये अकिहितो यांनी आपले दहन व्हावे असे ठरवले.

मंदिराचे नातेही असेच. सतराव्या शतकात, शिमाबाराच्या बंडानंतर, प्रत्येक घराण्याला आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला एखाद्या बौद्ध मंदिराकडून घेणे भाग पडले. त्यातून घराणे आणि मंदिर यांची पिढीजात गाठ पडली. अशा घराण्याला ‘दान्का’ म्हणतात, आणि त्यातला ‘दान’ हा आपलाच. (नवऱ्यासाठी जपानी बायका ‘दान्ना’ म्हणतात तोही त्याच मुळातला, देणारा तो धनी.) थडग्यामागच्या ‘सोतोबा’ या फळीत स्तूप आहे, ‘एन्मा’त यम आहे. शब्द धर्माचे, पण गाठ मारली शिरगणतीने. पुढे १८९८ च्या नागरी कायद्याने वंशावळ, पूजासाहित्य आणि थडगे यांचा वारस म्हणून घराच्या कर्त्याची नेमणूक केली. मृताचे श्राद्ध सामान्यतः तेहेतिसाव्या वर्षापर्यंत करायचे, मग तो पितरांत विलीन होतो. तेहेतीस वर्षे कोणी तरी घरात हवे, असा याचा अर्थ.

ज्याचे कोणी नसेल तो ‘मुएन’. ‘एन’ म्हणजे आपला ऋणानुबंध. तो ज्याचा कोणाशीच नाही असा मृत. बोनच्या सणात, म्हणजे त्यांच्या पितृपक्षात, अशांसाठी ठिकठिकाणी मुख्य वेदीपासून दूर थोडे अन्न ठेवत; भिकाऱ्याला दाराबाहेर वाढावे तसे. यानागिता कुनिओ या थोर लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने १९४५ मध्ये, बॉम्ब पडत असताना, पितरांवर पुस्तक लिहिले. लग्नाआधीच रणावर मेलेल्या हजारो तरुणांचे श्राद्ध कोण करणार, ही चिंता त्याला पोखरत होती. या व्यवस्थेचा एवढा जाणकार आणि चाहता, पण तिच्यात या पोरांना जागा नाही हे त्याला लख्ख दिसत होते. अविवाहित, निपुत्रिक, परागंदा, घरी परत आलेली लेक, विरळणीत गेलेली मुले, यांतल्या कितीकांना तिच्यात जागा नव्हती. मुएन माणसे एकविसाव्या शतकाने निर्माण केलेली नाहीत. पूर्वी ती घराण्याच्या कडेला होती, आता संख्येने वाढून मध्यावर आली आहेत.

म्हणून आजच्या नव्या सोयींकडे नाक मुरडणारे मला रुचत नाहीत. इवाते प्रांतातल्या एका मंदिराने १९९९ मध्ये झाडाखाली अस्थी पुरण्याची पद्धत सुरू केली. अशा जागांकडे वळणाऱ्यांत नवऱ्याच्या घराण्याच्या दगडाखाली जायचे नाही असे ठरवलेल्या स्त्रियाही आहेत. तेहेतीस वर्षांचा वारस तिथे कोणी मागत नाही. यात बाजार आहे, हे मान्य. पण बारशाच्या कागदापासून मरणोत्तर नावापर्यंत दक्षिणा मोजणाऱ्या जुन्या व्यवस्थेत बाजार नव्हता काय?

मला सर्वांत आश्वासक वाटते ते योकोसुका शहराचे काम. कोणी नसेल तर प्रेताचे दहन स्थानिक नगराध्यक्षाने करावे, असे १९४८ चा स्मशानविषयक कायदा सांगतोच. पण योकोसुकाच्या कर्मचाऱ्यांना दिसले ते वेगळेच: बेवारस म्हणून येणारे बहुसंख्य कलश आता अनोळखी माणसांचे नसतात, नाव, पत्ता सगळे ठाऊक असते, न्यायलाच कोणी येत नाही. २०१५ मध्ये पालिकेने गरीब, एकट्या वृद्धांसाठी योजना काढली. माणूस हयातीतच अंत्यविधीच्या कंपनीशी करार करतो, पैसे भरतो आणि पालिका शेवटपर्यंत लक्ष ठेवते. २०१८ पासून तिथे कोणाही रहिवाशाला आपली माहिती नोंदवून ठेवता येते: अडचणीत कोणाला कळवायचे, इच्छापत्र कुठे आहे, आणि आपले थडगे कुठे आहे. हा शेवटचा रकाना उगाच नाही. माणूस मरतो, त्याने थडगे घेऊन ठेवलेले असते, पैसेही भरलेले असतात. पण ते कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि कलश पालिकेच्या फळीवर पडून राहतो. आता निदान त्या कचेरीतल्या कारकुनाला ते ठाऊक असते. नोंदवणाऱ्याने ज्याचे नाव लिहून ठेवले असेल असा एखादा मित्र कधी चौकशीला आला, तर तो त्याला थडग्याचा पत्ता सांगतो.