घोरावडेश्वर डोंगरावरील गवताळ अधिवासाच्या रक्षणाबाबत निवेदन

प्रति,
मा. उपवनसंरक्षक,
पुणे वन विभाग, पुणे

विषय : घोरावडेश्वर (शेलारवाडी) डोंगरावरील वणवे रोखणे व गवताळ भाग राखणे.

महोदय,

बौद्ध लेणी, त्यांतच नांदणारा महादेव आणि तुकोबांच्या चिंतनाची परंपरा यांमुळे हा डोंगर पूर्वीपासून लोकांच्या श्रद्धेचा आहे. आज एका अंगाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला तळेगाव-चाकणचे कारखाने आणि पायथ्याशी महामार्ग व लोहमार्ग, अशा कोंडीत चंडोल, तित्तर आणि रातव्याला जागा उरली आहे ती अशा डोंगरांवरच. आम्ही कारखान्यांत पाळ्या करणारे आणि काही निवृत्त कामगार. गुरुवारच्या सुट्टीला कॅनने पाणी वर नेतो, रोपांना आळी करतो, कचरा खाली आणतो.

ही मेहनत एका ठिणगीत जाते. महाशिवरात्रीची गर्दी नेमकी गवत वाळलेले असताना होते. विडीचे थोटूक किंवा विझवायची राहिलेली चूल पुरेशी ठरते. मोठी झाडे कशीबशी तगतात. रोपे, सरडे आणि जमिनीवरची घरटी जळून जातात. म्हणून दरवर्षी डिसेंबरअखेर पायवाटेच्या दोन्ही कडांना व पायथ्यालगत जाळरेषा काढाव्यात. श्रमदानाला आम्ही येऊ. पण जाळरेषा कुठून काढायची हे वनरक्षकाने ठरवावे आणि नियंत्रित जाळण्याचे काम विभागानेच करावे. यात्रेच्या दिवशी पायथ्याशी काडेपेटी, फटाके व प्लास्टिकची तपासणी व्हावी. वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे, हे सांगणारा मराठी व हिंदी फलक तिथे हवा. पायथ्याला येणारे बरेच लोक परप्रांतातून कामाला आलेले असतात.

दुसरी मागणी वृक्षारोपणाच्या हौसेला रुचणार नाही, तरी मांडतो. कंपन्यांचे रोपलागवडीचे कार्यक्रम माथ्यावरच्या गवतात घेऊ देऊ नयेत. माळ मोकळा दिसतो म्हणून तो रिकामा नसतो. तित्तराची पिल्ले त्यातच वाढतात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून काय झाले, हे आपल्या विभागाला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. लावायचेच असेल तर उतारावरच्या घळींत पळस, खैर, मेडशिंगी, करवंद लावावे आणि तीन उन्हाळे पाणी घालण्याची लेखी हमी देणाऱ्यालाच परवानगी द्यावी. छायाचित्रापुरते आलेले पाहुणे पुन्हा फिरकत नाहीत. गवत कापण्याबाबतही एक सूचना आहे. इंग्लंडमध्ये अनेक चर्चच्या आवारांतले स्वयंसेवक गवताला फुले येऊन बी पडेपर्यंत त्याला विळा लावत नाहीत. इथेही माथ्यावरची कापणी बी पडल्यानंतरच व्हावी.

उन्हाळ्यासाठी दोन-तीन उथळ पाणवठे आणि वणव्याच्या काळात संध्याकाळी एक गस्त, एवढी तरतूद चालू आर्थिक वर्षात व्हावी. आमच्याकडची पक्ष्यांची व झाडांची नोंद आपल्या कार्यालयास देण्यास आम्ही तयार आहोत. पावसाळा संपण्यापूर्वी डोंगरावरच एक संयुक्त पाहणी ठेवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
घोरावडेश्वर डोंगरावर काम करणारे स्वयंसेवक

प्रत माहितीसाठी : वनपरिक्षेत्र अधिकारी, वडगाव मावळ