दाव्याला बांधलेला जीव



2019-20 च्या वणव्यांत ऑस्ट्रेलियातील सुमारे 3 अब्ज वन्य प्राणी मेले किंवा बेघर झाले, असा अंदाज आहे. भाजलेल्या कोआलांच्या पंजांना मलमपट्टी करायला पशुवैद्य स्वयंसेवक धावून गेले. ते पाहून आपणही हळहळलो.

पण रानातला प्राणी निदान पळू तरी शकतो. आपल्या बसवकल्याण भागात उन्हाळ्यात कडब्याची गंजी पेटते, तेव्हा शेजारच्या गोठ्यातली देवणी गाय दाव्याला असते. तिची वाट आपणच अडवलेली असते. म्हणून मला वाटते, जो बांधतो त्यानेच सोडायलाही धावले पाहिजे. शब्बाथ दिवशीही माणूस आपला बैल सोडून पाण्यावर नेतो, याची आठवण प्रभू येशूने करून दिली आहे (लूक 13:15).

मंडळीतील तरुणांनी ही सेवा अंगावर घ्यावी. गंजी गोठ्यापासून लांब रचायला लावा. आग लागली तर आधी दावी कापा. भाजलेल्या जागी स्वच्छ गार पाणी ओतत राहा. राख, तेल लावू नका. धुराने धापा टाकणाऱ्या जनावराला नळीने काही पाजू नका, ते फुप्फुसात जाते. लगेच 1962 वर पशुवैद्यांना बोलवा.

प्रार्थना तर करूच; पण विळा हाताशी ठेवून करू.