एका काचेत तीन खंड

नाही. वेगवेगळ्या जातींचे सरडे एका टाकीत ठेवू नयेत. ‘टाकी मोठी घेतली तर?’ तरी नाही. ‘लहानपणापासून एकत्र वाढवले तर?’ तरीही नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांनी दोन-तीन जनावरं आधीच विकत आणलेली असतात आणि दुसऱ्या टाकीचा खर्च वाचवायचा असतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की या बाबतीत गुळमुळीत बोलायची माझी तयारी राहिलेली नाही.

पुण्याजवळ पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या अंगाला, गेल्या काही वर्षांत फार्महाउस आणि रिसॉर्ट उभी राहिली. पाहुण्यांच्या पोरांना दाखवायला काही ठिकाणी ससे आले, बदकं आली, परदेशी पोपट आले आणि त्यांच्यामागून सरडेही आले. अशाच एका ठिकाणी पाहिलेली टाकी जेमतेम तीन फुटी होती. आत एक हिरवा इग्वाना, एक बियर्डेड ड्रॅगन आणि एक लेपर्ड गेको. वर एकच पिवळा बल्ब, खाली लाकडाचा भुसा, एक फांदी, एक पाण्याची वाटी. बल्बखालच्या फांदीवर इग्वाना आणि त्याच्या पाठीवर चढून बसलेला ड्रॅगन, गळ्याखालची दाढी काळी पडलेला. गेको वाटीमागच्या कोपऱ्यात काचेला चिकटलेला. गेकोची शेपटी म्हणजे त्याची चरबीची कोठी, ती वाळून काडी झालेली. मालक कौतुकानं म्हणाले, “बघा सर, कसे गुण्यागोविंदानं नांदतात. एकमेकांच्या अंगावर झोपतात. आजवर एकदा भांडण नाही.”

ते भांडणच चाललं होतं. सरड्याला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब मिळाली नाही तर पोटातलं अन्न पचत नाही, आतल्या आत कुजतं. टाकीत ऊब एकाच जागी असेल तर त्या जागेसाठी चढाओढ होणारच, आणि जो वर चढतो तो खालच्याचं ऊन अडवतो. दिवा अतिनील किरणांचा असला तर खालच्याला ते किरणही मिळत नाहीत. मग ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा रबरासारखा मऊ पडतो आणि पाय वाकतात. काळी पडलेली दाढी हे बियर्डेड ड्रॅगनच्या तणावाचं ठळक लक्षण आहे. कुत्रं केकाटतं, मांजर फिसकारतं. सरडा बहुतेक वेळा गप्प राहतो, खाणं कमी करतो, कोपरा धरतो आणि काही महिन्यांनी मरतो. त्या गप्प राहण्याला लोक प्रेम म्हणतात, याची मला चीड येते.

आता ही तीन जनावरं येतात कुठून ते पाहा. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातला, झाडावर राहणारा, निव्वळ पाला खाणारा. त्याला हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. बियर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. त्याला तीस-चाळीस टक्के ओलावा पुरतो आणि ऊन खायच्या जागी चाळीस अंशांच्या आसपास ताप लागतो. लेपर्ड गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ मुलखातला, दिवसभर कपारीत दडणारा, संधिप्रकाशात आणि रात्री किडे टिपणारा. (त्याचा एक जवळचा भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातल्या खडकाळ माळांवरही राहतो. तो बिनविषारी आहे, तरी लोक त्याला विषारी समजून ठेचतात.) ड्रॅगनसाठी हवा कोरडी ठेवली तर इग्वानाची कात बोटांवर अडकून बोटं झडतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. इग्वानासाठी ओली ठेवली तर ड्रॅगनची छाती भरते. दोघांसाठी दिवसभर लख्ख दिवा लावला तर गेकोला डोळे मिटून घ्यायला जागा नाही. ड्रॅगनसाठी सोडलेले रातकिडे इग्वानानं खाल्ले तर त्याच्या मूत्रपिंडाची वाट लागते. आणि ड्रॅगन किड्यांबरोबर छोटे सरडेही खातो. म्हणजे तो गेको एका शिकाऱ्याबरोबर कोंडलेला होता.

हे सगळं कुठे, तर मुळशीत! पावसाळ्यात ताम्हिणी घाटाच्या अंगाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, भिंती घाम गाळतात, आणि वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. वाळवंटी सरड्याला हा ओलावा काचेच्या आतही गाठतो. एकाच बल्बवर तीन जीव टांगलेले असले की वीज गेलेल्या रात्री तिन्ही गारठतात.

रोगांचं तर कोणी नावच काढत नाही. लेपर्ड गेकोंमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी आढळतो. त्यानं जनावर खातं पण झिजत जातं, शेपटी वाळते, आणि खात्रीचा इलाज नाही. नेहमीच्या जंतुनाशकानं त्याचे बीजकोश मरत नाहीत. बियर्डेड ड्रॅगनच्या आतड्यात कॉक्सिडिया असणं ही रोजची गोष्ट. काही जण त्याच टाकीत शोभेला कासवही सोडतात. कासवाला स्वतःला काही होत नाही, पण त्याच्या पोटातला अमिबा सरड्याची आतडी सडवू शकतो. एकाची विष्ठा, त्यावरून फिरलेला किडा, तोच किडा दुसऱ्याच्या तोंडात आणि पाण्याची वाटी सगळ्यांची एकच. एवढं पुरतं. बरं, हे ओळखणारे, सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार पशुवैद्य पुण्यात मोजके आहेत आणि मुळशीहून तिथे पोचायलाही वेळ जातो.

“पण जंगलात एकत्रच राहतात ना?” हा युक्तिवाद मला हमखास ऐकवला जातो. याच मुळशी तालुक्यातलं कुठलंही जुनं घर बघा. रात्री ट्यूबलाइटपाशी पाल असते. दिवसा कुंपणावर सरडा असतो. दगडी बांधात सापसुरळी असते, ओढ्याकाठच्या बिळात घोरपड असते. प्रत्येकाची वेळ वेगळी, जागा वेगळी, आणि मुख्य म्हणजे पळायला वाट आहे. एवढं असून पावसाळ्याच्या तोंडावर दोन नर सरडे, गळे लालभडक करून, एकमेकांना फांदीवरून खाली लोळवतात. हरलेला निघून जातो. काचेत हरलेल्यानं जायचं कुठे? परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांचा दाखला देणाऱ्यांनी तिथली दालनं किती मोठी असतात, एकाच प्रदेशातले प्राणी निवडून, आधी वेगळे ठेवून, तपासून मगच एकत्र कसे सोडतात आणि बिनसलं तर लगेच वेगळे कसे करतात, तेही सांगावं. दुकानातून शनिवारी आणलेला गेको रविवारी इग्वानाच्या टाकीत टाकणं आणि हे यात काडीचं साम्य नाही.

कायद्याचंही ऐका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते; ती घरात ठेवली तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. इग्वाना परदेशी असला तरी मोकळा नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्या चौथ्या अनुसूचीत तो आला, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवावं लागतं. आणि अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत मुळशीच्या रस्त्यावर चहा आणि वडापाव येतो. दिल्लीत बसलेल्यांनी साठ वर्षांहून जास्त काळ हा आकडा तसाच ठेवला, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

पुढचा प्रकार याहून वाईट. आणताना वीतभर असलेला इग्वाना काही वर्षांत चार-पाच फुटी होतो, शेपटीचा फटका मारतो, चावतो. मग मालकांच्या मनात येतं, एवढं जंगल आहे, सोडून देऊ. फ्लोरिडा, पोर्तो रिको आणि तैवानमध्ये पाळीव म्हणून आणलेल्या इग्वानांनी सुटल्यावर बागा फस्त केल्या, बांधांमध्ये बिळं केली, आणि आता तिथे त्यांना पकडून मारावं लागतं. मुळशीत ऊब आहे, ओलावा आहे, पाण्यावर वाकलेली झाडं आहेत आणि शेजारी २०१३ मध्ये घोषित झालेलं ताम्हिणी अभयारण्य आहे. इथे इग्वाना सोडणं हा जंगलावर केलेला वार आहे.

ज्यांच्याकडे अशी टाकी आहे त्यांनी आजच जनावरं वेगळी करावीत. तात्पुरते हवेशीर प्लॅस्टिकचे डबे चालतील, पण प्रत्येकाला स्वतःची ऊब, स्वतःची लपायची जागा आणि स्वतःची वाटी हवी. प्रत्येकाच्या विष्ठेची तपासणी करून घ्यावी. चिमटे, भांडी, फडकी वेगवेगळी ठेवावीत आणि आजारी जनावराचं काम शेवटी करावं. पाहुण्यांची लहान मुलं सरड्याला हात लावणार असतील तर साल्मोनेलाचा धोका त्यांच्या आईबापांना आधी सांगावा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती सरडा देऊच नये. तीन टाक्या परवडत नसतील तर एकच जनावर ठेवावं. बाकीची जाणत्या माणसाकडे, कागदपत्रांसह द्यावीत. आणि हे जून लागायच्या आत करावं, कारण पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली की तिसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे न्यायला फार काही उरलेलं नसतं.