पुट्टीनं गंज मरत नसतो, भाऊ

आपल्या अंबाजोगाईला समुद्र नाही, तरी जुन्या पिकअपचा हौदा सडतोच. सडवतं खत. पोटॅशमध्ये निम्म्याच्या आसपास क्लोराइड असतं. फुटक्या पोत्यातलं खत कोपऱ्यात साचतं, पहिल्या पावसात ओलं होतं अन् पत्रा खात सुटतं. आपण काय करतो? फिटनेस जवळ आली की पुट्टी भरून रंग मारतो. जुनी गाडी घेताना लोहचुंबक खिशात ठेवा. जाड पुट्टीवर ते धरत नाही.

"सगळं कंपनीचंच टाका" म्हणणारेही मला पटत नाहीत. हौद्याच्या तळाला कंपनीचा महागडा पत्रा कशाला? गावातल्या वेल्डरकडून 14 गेजचा, म्हणजे साधारण 2 मिमीचा बसवा. पण व्हर्नियरनं मोजून. 14 सांगून 18 टाकणारे कमी नाहीत. अन् सडका पत्रा कापल्याशिवाय वरून ठिगळ मारू देऊ नका. दोन पत्र्यांच्या मधी पाणी बसतं आणि नवाही जातो.

मात्र ब्रेकचे पाइप, पाट्यांचे ब्रॅकेट, चॅसिस इथं भंगारातला माल अजिबात नको. गंजलेल्या चॅसिसवर पातळ पट्टी डकवून "काही होत नाही" म्हणणाऱ्या मिस्त्रीला भरल्या गाडीत शेजारी बसवा अन् बालाघाटाचा उतार उतरा. बघू बसतो का.

खत उतरलं की त्याच दिवशी हौदा झाडून धुवा. पाणी जायच्या भोकांत सळई घाला, ती बुजलेली असतात.