गिरणगावाचा खाडा

नातीला शाळेत स्वातंत्र्यलढ्यातील एका व्यक्तीवर चार ओळी बोलायच्या होत्या. गांधीजी, टिळक, भगतसिंग वर्गातल्या मुलांनी आधीच वाटून घेतले होते. मी म्हटले, ''तू बाबू गेनूंवर बोल.'' तिने विचारले, ''आजोबा, ते कुठले पुढारी?''

पुढारी कुठलेच नव्हते. पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळहून पोटासाठी मुंबईला आलेला हा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेली लॉरी अडवायला तो उभा राहिला आणि तिच्याखाली चिरडला गेला.

गिरणगावाने दिले ते एवढेच नव्हे. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवले. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड केले, तेव्हाही गिरण्यांतले कामगार रस्त्यावर आले. त्या दिवसांत मुंबईत गोळीबाराने दोनशेहून अधिक माणसे गेली.

सहा दिवस काम बंद, हे वाचायला सोपे आहे. माझे वडील साचेखात्यात होते. त्यांचा एका दिवसाचा खाडा पडला, तरी आई वाण्याची वही पुन्हा पुन्हा उलटत बसे. १९०८ साली घरोघरी सहा दिवसांचा खाडा पडला, तेव्हा चुली कशा पेटल्या असतील?

तुरुंगवासाची नोंद सरकारदरबारी राहिली. १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, ते योग्यच झाले. खाड्याची नोंद मात्र गिरणीच्या हजेरीपटावर, तीही गैरहजेरी म्हणून! १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली. लालबाग-परळला आज तिथे टोलेजंग इमारती आहेत. ते हजेरीपट आता कोण शोधणार?

म्हणूनच हा हिशेब आपण घरात सांगायला हवा. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी तुरुंगात गेले नसेल, पण कुणी पगार सोडला असेल, कुणी उपास काढला असेल. स्वातंत्र्य त्यांच्याही पैशाने आले आहे.

नातीने तीन ओळी बाबू गेनूंवर लिहिल्या. चौथी तिची तिनेच घातली : ''माझे पणजोबाही गिरणीत होते.''

मी ती खोडली नाही.